आवाज सगळीकडून येतो

आवाज येत नाही, आवाज फाटतो, एकाच बाजूने येतो, चालता चालता मध्येच बसतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दुकानात माणसं आयुष्यभर हेच सांगत आली. कोणी टेप छातीशी धरून यायचं, कोणी स्पीकर स्कूटरवर दोन पायांमध्ये उभा करून आणायचं. आवाज सगळीकडून सारखा येतो, ही तक्रार मात्र मला एकदाच मिळाली, आणि ही तक्रार आहे एवढं कळायलाच मला दीड महिना लागला. दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली. बाकीची गिऱ्हाइकं आठवली की हसू येतं. समा भागातल्या त्या एका घराचं मात्र अजून मला नीट उमगलेलं नाही. म्हणून तेच लिहितो.

बाहेरचा माल बाजारात मोकळेपणाने यायला लागला तसा आमचा धंदा बदलत गेला. आधी माणूस बिघडलेली वस्तू दुरुस्त करून घ्यायचा, मग ती टाकून नवी घ्यायला लागला. माझ्यासारख्यांना काम उरलं ते जुन्याची नव्याशी गाठ घालून देण्याचं. टीव्हीचा आवाज जुन्या डेकमधून काढून द्या, सीडीचं यंत्र आजोबांच्या रेकॉर्ड-प्लेयरच्या स्पीकरना जोडून द्या. हे काम मला आवडायचं. घरोघरी इंटरनेट आलं आणि मुलं गाणी कॉम्प्युटरमध्ये साठवायला लागली, त्या सुमारास एक दिवस मिलिंद दुकानात आला.

मिलिंद हा अण्णांचा मुलगा. अण्णांना मी फार वर्षांपासून ओळखत होतो. त्यांची नजर विशीतच गेली होती. पुढे ते सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. कचेरीतल्या दोनेकशे माणसांना ते नुसत्या 'हॅलो'वरून ओळखत. पत्नी गेल्यावर ते समाच्या बैठ्या घरात मुलगा-सुनेबरोबर राहत होते. सून हेतल गुजराती, पण मराठी फर्डं बोलायची. आपले शब्द मध्ये पेरत, हक्काने.

मिलिंदने खिशातून तीन छोट्या डब्या काढून काउंटरवर ठेवल्या. साबणाच्या वडीएवढ्या.

"काका, ह्या कॉम्प्युटरमधलं गाणं हवेतून पकडतात. तार नको. एकेक डबी एकेका खोलीत ठेवायची आणि तिथल्या स्पीकरला जोडायची. अण्णा दिवसभर हॉलमध्ये त्या खरखरत्या रेडिओपाशी बसून असतात. घरभर कुठेही गेले तरी गाणं त्यांच्याबरोबर असलं पाहिजे. नवे स्पीकर घ्यायचे नाहीत. घरात आहेत त्यांच्यावरच भागवायचं."

घरात काय काय होतं ते बघायला मी गेलो. हॉलमध्ये लाकडी खोक्यातले दोन मोठे स्पीकर, मिलिंदच्या खोलीत कॅसेट-डेकचे दोन, अण्णांच्या खोलीत मीच कधीकाळी प्लायच्या पेटीत बसवून दिलेले मोटारीचे दोन. स्वयंपाकघरात तर मडक्यात बसवलेला स्पीकर होता. एका काळी बडोद्यात त्याची फॅशन होती. मडकं छतापाशी टांगायचं, तोंडावर स्पीकर, आवाज गोल आणि दमदार यायचा. हे सगळं बघून मला फार बरं वाटलं. एकही वस्तू टाकायची नाही आणि घर गाऊ लागणार.

दोन दिवसांत जोडणी झाली. मिलिंदच्या खोलीतले स्पीकर थेट कॉम्प्युटरला, बाकी तिन्ही खोल्यांत एकेक डबी. मिलिंदने कॉम्प्युटरवर गाणं लावलं आणि तो, हेतल आणि मी मधल्या पॅसेजमध्ये उभे राहिलो. चारही खोल्यांची दारं तिथेच उघडतात.

"आ तो पडघा पडे छे," हेतल म्हणाली. "काका, घुमतंय."

घुमतच होतं. हॉलमध्ये गायिका शब्द संपवायची आणि स्वयंपाकघरात ती तोच शब्द सुरू करायची. अण्णांच्या खोलीतली त्या दोघींच्या मध्ये कुठेतरी. मला वाटलं, तारा उलट्या जोडल्या गेल्या. बदलून पाहिल्या. मग वाटलं मडक्यामुळे होत असेल. मडकं उतरवून पाहिलं. मग माझ्या कानांचीच शंका आली. शेवटी कळलं ते असं. कॉम्प्युटर गाण्याचे बारीक बारीक तुकडे करून हवेतून पाठवतो. डबी ते तुकडे आधी थोडे साठवते आणि मग वाजवायला लागते. कोणाच्या वाटेत भिंत जाड, कोणती डबी वेगळ्या बनावटीची, त्यामुळे प्रत्येकीचा साठा वेगळ्या वेळी पुरा होतो. बिघाड कशातच नव्हता, पण तिघींचा मेळ नव्हता.

"असू द्या की," अण्णा हॉलमधल्या झोपाळ्यावरून, म्हणजे आमच्या हिंचक्यावरून, म्हणाले. "चांगलं वाटतंय."

मला नवल वाटलं. पंचवीस माणसांच्या गोंगाटात एकाची कुजबूज ओळखणारा हा माणूस, आणि ह्याला हा गोंधळ चालतो? मी मनात म्हटलं, मुलाचं मन राखतायत. म्हणालो, "नाही अण्णा, असं अर्धवट सोडून मी जाणार नाही."

मी दोन डब्या काढून टाकल्या. एकच ठेवली, ती हॉलच्या कपाटातल्या मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडली आणि तिथून भिंतीच्या कडेने प्रत्येक खोलीत तार नेली. तारेतून आवाज सगळीकडे एकाच क्षणी पोचतो. चार खोल्यांचे स्पीकर एकाच अॅम्प्लिफायरवर सरळ लादले तर तो तापून बसतो, म्हणून भार वाटून जोडणी केली. प्रत्येक खोलीत पंख्याच्या रेग्युलेटरसारखं एक बटण बसवलं, आवाज कमीजास्त करायला. आणि शेवटी ज्या कामाचा मला सगळ्यात अभिमान वाटला ते केलं. पॅसेजमध्ये उभा राहून, चारही खोल्यांत फिरून, सगळीकडचा आवाज अगदी तोलून लावला. ह्या खोलीतून त्या खोलीत जावं आणि खोली बदलल्याचं कळूही नये.

मिलिंद इतका खूश झाला की त्याने माझा हात दाबला. अण्णा उठून पॅसेजपर्यंत आले, थांबले. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रेडिओ कुठे ठेवलात?"

"माळ्यावर टाकला अण्णा," मिलिंद म्हणाला. "आता काय करायचाय तो?"

अण्णा परत हिंचक्याकडे वळले. मीही पेचकस आवरून घरी गेलो.

तीन आठवड्यांनी मिलिंदचा फोन. अण्णांच्या खोलीतलं बटण बिघडलंय, आवाज सारखा बंद होतो. मी जाऊन पाहिलं, बटण ठीक होतं. तरी बदललं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गेलो, तार तपासली. सगळं धड. असलं काम कारागिराला वेडं करतं. बिघाड सापडला तर माणूस काहीतरी करील. सापडतच नाही तेव्हा काय करायचं?

त्या वेळी हेतलने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "काका, पप्पांचं काहीतरी बरोबर नाही. परवा बाथरूमला जायला उठले आणि इथे ओट्यापाशी येऊन उभे राहिले. त्याच्या आधी कपाटाला कपाळ आपटलं. चहा त्यांच्या हातून सांडला, हात भाजला. पंधरा वर्षं ह्या घरात एकटे फिरतात, कधी असं झालं नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणतात, उंमर थई. विसरायला लागलेत. आम्ही गॅसला हात लावू देत नाही आता. फाटकापर्यंत पण एकटं जायचं नाही म्हणून सांगितलंय."

म्हणजे अण्णांचा चहाही बंद झाला. रोज दुपारी चारला ते स्वतः चहा करत. मी गेलो की माझ्यासाठीही कप टाकत. कपात चहा ओतताना ते वाकून कान देत आणि भरत आल्याच्या आवाजावर बरोबर काठापाशी थांबत. गॅसपासून तोडलेले अण्णा आता हिंचक्यावर बसून होते, हात मांडीवर, पाय जमिनीला टेकवून. हिंचकाही हलत नव्हता.

बटणाचं कोडं सुटेना म्हणून पुढच्या आठवड्यात मी दुपारचा पुन्हा गेलो. मिलिंद ऑफिसात, हेतल शेजारी गेलेली. घरभर गाणं चालू होतं. मी हॉलमध्ये कपाट उघडून बसलो होतो आणि अण्णा आपल्या खोलीतून बाहेर आले. पॅसेजच्या मधोमध येऊन थांबले. उजवा हात पुढे करून हवेत काही चाचपडायला लागले. ह्या माणसाला मी कधी हात पुढे करून चालताना पाहिलं नव्हतं. मी उठणार, एवढ्यात लाइट गेली.

गाणं बंद. पंखे बंद. हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायला लागली.

अण्णांचा हात खाली आला. "कोण, मधुभाई का? पाणी आणतो," म्हणाले, आणि सपाता वाजवत सरळ स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज, डाव बुडवल्याचा आवाज. काठोकाठ भरलेला पेला घेऊन ते बाहेर निघाले. पाण्याचा थेंब हलत नव्हता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ह्यांना विसर पडलाय?

ते पॅसेजमध्ये असतानाच लाइट आली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालूच होता; क्षणभरात चारही खोल्यांतून गाणं एकदम सुरू झालं. अण्णा जागच्या जागी थिजले. पेला हातात, चेहरा वर, जसं एखाद्याला भर रस्त्यात कोणीतरी चहूकडून हाका मारतंय. मी धावत जाऊन कपाटातलं बटण बंद केलं.

"बसा अण्णा," मी म्हटलं. "आणि आता मला खरं सांगा."

त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि हिंचक्यावर बसले. मग म्हणाले, "तुम्ही घरात शिरता तेव्हा काय बघता? खिडकी कुठे, दार कुठे. मी तेच ऐकतो. रेडिओ वाजत असला की मला कळतं, हॉल त्या बाजूला. फ्रिजची गुणगुण, म्हणजे स्वयंपाकघर. सपाता वाजवल्या की भिंत जवळ आहे की लांब ते कळतं. आता गाणं सगळीकडून येतं, सारखंच येतं. घर कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. पहिल्या दिवशी घुमत होतं ना, ते बरं होतं. आधी हॉल बोलायचा, मग माझी खोली, मग स्वयंपाकघर. तीन दिशा सापडत होत्या. तुम्ही ते फार चांगलं दुरुस्त केलंत."

टोमणा नव्हता त्यात. तेच लागलं.

"खोलीतलं बटण तुम्हीच बंद करत होता?"

"निदान तिथे तरी शांत असावं म्हणून."

"मग मिलिंदला सांगायचं की."

"किती हौसेने केलंय त्याने. ऑफिसातून आला की आधी विचारतो, अण्णा आज काय ऐकलंत? मधुभाई, तुम्हीही सांगू नका. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. का दिला ते आजही सांगता येत नाही. घरी आलो आणि हिशेब मांडत बसलो. एकीकडे त्यांचा शब्द, दुसरीकडे डॉक्टरांची औषधं सुरू झालेली. दिवसभर सोबतीला माणूस ठेवायचं चाललेलं. आणि सगळ्याच्या मुळाशी माझं कौतुकाचं काम.

शेवटी मी एक पळवाट काढली. दोन दिवसांनी काहीतरी निमित्त करून गेलो आणि अॅम्प्लिफायरच्या आतली एक तार हळूच सोडवून ठेवली. उभ्या आयुष्यात चांगली चालणारी वस्तू मी मुद्दाम पहिल्यांदाच बिघडवली.  मिलिंदला फोनवर सांगितलं, "भाग जळलाय. जुना आहे, मिळणं कठीण."

"काळजी नको काका," तो उत्साहाने म्हणाला. "मी नवीन सिस्टीमच बघून ठेवलीये. बाथरूममध्ये पण वाजेल."

फोन ठेवला आणि रिक्षा करून तडक समाला गेलो. मिलिंद नुकताच घरी आला होता. अण्णांच्या देखतच त्याला सगळं सांगितलं. शब्द मोडला. अण्णांनी मान खाली घातली.

मिलिंद आधी हसला. मग चिडला. "काहीतरीच काय! आवाज आला म्हणून कोणी घरात हरवतं? आणि अण्णा, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू विचारायचास, काय ऐकलंत," अण्णा म्हणाले. "मी सांगायचो."

मिलिंद कपाटाकडे वळला. मला म्हणाला, "ती तार जोडा." मी जोडली. त्याने गाणं लावलं, पंचा घेतला आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधला. हेतल म्हणाली, "अरे, शुं करे छे?" तो पॅसेजमध्ये जाऊन जागच्या जागी दोन गिरक्या घेऊन थांबला आणि म्हणाला, "आता मी हॉलमध्ये येतो." पहिल्या पावलाला दाराच्या चौकटीवर आदळला. वळला. चार पावलं अण्णांच्या खोलीत गेला, तिथे खाटेला गुडघा लागला. परत फिरला. मग पॅसेजच्या मध्यावर उभा राहिला आणि हललाच नाही. पंचा सोडावा हेही त्याला सुचलं नसावं. आमच्यापैकी कोणाला पुढे व्हायचं धाडस झालं नाही.

अण्णा हिंचक्यावरून उठले. एक हात भिंतीला लावत त्याच्यापर्यंत पोचले आणि त्याचं मनगट धरलं.

"चल," म्हणाले. "डावीकडे मी आहे. पुढे उंबरठा आहे, पाय उचल."

दोघे हॉलमध्ये आले. मिलिंद खाली बसला तरी पंचा काढेना. पंचा ओला झाला होता. हेतलने जाऊन गाणं बंद केलं.

त्यानंतर मी सगळी जोडणी बदलली. एका वेळी एकाच खोलीत वाजेल असं बटण केलं, तेही अण्णांच्या हाताला लागेल अशा उंचीवर. सोबतीच्या माणसाला नको म्हणून कळवलं. आठवड्याभरात अण्णा पुन्हा चहा करायला लागले. डॉक्टरांनी औषध कमी केलं, ते थोडे ओशाळलेही म्हणे. मला वाटलं, चला, चूक झाली पण निस्तरली. दुकानात येणाऱ्या दोघा-तिघांना मी हा किस्सा रंगवून सांगितलाही.

दीडेक वर्ष गेलं असेल. एका सकाळी मिलिंदचा फोन आला.

"काका, अण्णा आज पुन्हा पॅसेजमध्ये उभे राहिले. कुठे जायचंय ते कळेना त्यांना."

"कोणत्या खोलीत चालू होतं?"

 "कुठल्याच नाही. घरात काहीच चालू नव्हतं."

 म्हणजे डॉक्टर तेव्हाही थोडे बरोबर होते का? की हे नव्याने सुरू झालं? तेव्हाच्या चुकांतल्या किती माझ्या आणि किती वयाच्या, हे आता कोण वेगळं करून देणार? मी हा विचार करत असतानाच मिलिंद म्हणाला, "तुम्ही एकदा येऊन तारा बघता का?"

मी गेलो. अण्णा हिंचक्यावर होते. मी हाक मारली तर त्यांनी आवाजावरून मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर "या या" म्हणाले. मी कपाट उघडलं, अॅम्प्लिफायर बाहेर ओढला, झाकणाचे स्क्रू काढले. एकेक जोड बोटाने हलवून पाहिला. सगळे पक्के होते. ते बंद यंत्र कोणाला काही करू शकत नव्हतं, हे मला कळत होतं, आणि मिलिंदलाही कळत होतं. तो माझ्या खांद्यावरून टॉर्च धरून उभा होता.

पाऊण तास झाला. मी घट्ट असलेले स्क्रू सोडवून पुन्हा घट्ट करत होतो.

"सापडलं काही?" त्याने विचारलं.

"बघतोय अजून," मी म्हटलं.